शिडी, गादी आणि चिमटा

आगीची लाइन, बोला.

हो, मांजर उतरवायला येतो आम्ही, पण आधी झाडाखाली वाटीत थोडं दूध ठेवून बघा. भूक लागली की बहुतेक मांजरांना उतरता येतं. माणसांचंही तसंच असतं. नाहीच उतरलं तर पुन्हा करा फोन.

तर सांगत काय होते, माझा भाऊ गादी आहे आणि नवरा शिडी.

ही नावं मी ठेवलेली नाहीत. आमच्या स्टेशनात ज्याला टोपणनाव पडलं नाही तो अजून कच्चा, असं धरतात. दादा अंगाने भरलेला. खांदे दाराएवढे, आणि पोट खांद्यांच्या एक पाऊल पुढे. वरच्या मजल्यावरून उडी घेणाऱ्याला झेलायला आम्ही खाली हवेची गादी पसरतो, तर दादा नोकरीला लागला त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, ही एक जादाची मिळाली. माझा नवरा उंच आणि किडकिडीत, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबतो. तो शिडी. शिडी पोचली नाही तर गादी आहेच, असं स्टेशनात म्हणतात आणि आपल्याच विनोदाला दरवेळी नव्याने हसतात.

ते दोघं जोडीने आत जातात. धुरात एकट्याने जायचं नसतं. तोंडावर मास्क, पाठीवर हवेचं सिलिंडर, दोघांच्या कमरेला मिळून एक दोरी. सिलिंडरमधली हवा संपत आली की छातीवरची शिटी आपोआप वाजायला लागते. दोघांपैकी कुणाचीही वाजो, बाहेर दोघांनी यायचं. एकाने थांबायचं आणि एकाने निघायचं, हे चालत नाही.

मी आत जात नाही. मी कंट्रोल रूममध्ये बसते. समोर फोन, कानात रेडिओ, डाव्या हाताला मोठी काच. काचेतून आवार दिसतं, पण आग कधीच दिसत नाही. ती मी ऐकते. आधी श्वास, मग सामान पडल्याचे आवाज, मग कधीतरी ती शिटी, आणि शिटीच्या पाठोपाठ दादा:

"घंटे, माझी वाजली. निघालो."

घंटी म्हणजे मी. दादा असं म्हणाला की माझा अडकलेला श्वास सुटतो, आणि दोघं परत आले की सुटलेल्या श्वासाचा मी दादावर पुरेपूर वापर करते. "पोट कमी कर. तुझ्या पोटापायी दोघांना अर्धं काम टाकून यावं लागतं. त्या बिचाऱ्याची हवा शिल्लक असते नि तू सगळी पिऊन बसतोस." दादा मान खाली घालून ऐकतो. शिडी बाजूला उभा राहून बूट पुसतो.

*

मॅडमनी, म्हणजे आमच्या स्टेशन ऑफिसरनी, सगळ्यांना आवारात उभं केलं आणि सांगितलं.

आता दरवर्षी प्रत्येकाची चाचणी. नुसतं वजन नाही. शरीरात चरबी किती, स्नायू किती, कंबर किती, आणि सिलिंडर पाठीवर घेऊन आवारातला सरावाचा टॉवर चढल्यावर छाती किती वेळ धडधडते, हे सगळं. जो मर्यादेच्या बाहेर जाईल त्याच्या पाठीवर सिलिंडर नाही. तो पुढच्या चाचणीपर्यंत कंट्रोल रूममध्ये बसेल.

सगळ्यांनी एकदम दादाकडे पाहिलं. मग सगळ्यांनी एकदम आभाळाकडे पाहिलं.

"बरं झालं की," आचारी मला म्हणाला. "भाऊ तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसेल. सुखरूप."

हेच मला दिवसभरात जो भेटला तो म्हणाला. भाऊ सुखरूप. आणि नवरा? त्याच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण? माझं लग्न ठरलं तेव्हा आईने डोक्याला हात लावला होता. एक आगीत जातो तो काय कमी होता, म्हणून दुसरा शोधून आणलास? तेव्हा दादाच मध्ये पडला. "आई, तू घोर लावून घेऊ नकोस. मी आत असेन ना त्याच्या—"

आगीची लाइन, बोला. नाही आजोबा, वेळ सांगायची लाइन वेगळी. घड्याळ बंद पडलंय? मग जेवणाची वेळ झाली असं समजा, चूक असली तरी नुकसान नाही. ठेवते.

"—बरोबर," असं दादा म्हणाला होता. त्या एका शब्दावर माझा संसार उभा आहे. त्या शब्दावर मला रोज झोप लागते. आता तो शब्द चरबीच्या मापावर अडकला होता.

म्हणून मी ठरवलं, दादाला पास करायचं.

*

"आगीची लाइन, बोला."

"मी बोलतेय गं."

"वहिनी! ही आगीची लाइन आहे."

"मग? तुझ्या भावाच्या पोटात रोज पेटलेलीच असते ना? सकाळी काय खाल्लं त्याने?"

"दोन उकडलेली अंडी आणि काकडी."

"आणि?"

"आणि खूप मोठा सुस्कारा."

"पाव?"

"पावाकडे पाहिलं. हात लावला नाही. मी काचेतून बघत होते."

"बघत राहा. घरी मी बघते. काल झोपेत 'लोणी' म्हणाला."

"वहिनी, फोन ठेव. कुणाचं घर जळत असेल."

"माझंच जळतंय," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

*

स्टेशनातलं जेवण एकत्र असतं. आचारी मोजून वाढतो. माणशी ठरलेला वाटा, आणि ताटात टाकायचं नाही. दादाच्या पथ्याने पंचाईत झाली. त्याच्या वाट्याचे तळलेले बटाटे, पाव, रविवारचा केक, हे सगळं उरायला लागलं.

"उरवायचं नाही," आचारी म्हणाला. "माझ्या भांड्यात परत काही येता कामा नये."

"मग कुणी खायचं?"

"जोडीदाराने," दादा म्हणाला. "काय जावईबापू? आत माझं सामान कोण उचलतं? तुम्हीच. मग इथेही उचला."

शिडीने उचललं. मन लावून उचललं. "दादासाठी खातोय," असं तो प्रत्येक घासाला म्हणायचा, आणि इतक्या त्यागाने बटाटे खाणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. बारीक माणसाच्या ताटाकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नाही. सगळ्या स्टेशनाचे डोळे एकाच पोटावर होते, आणि ते पोट खरंच एकेक बोट मागे सरकत होतं.

तरी दादाला धीर धरवेना. चाचणी जवळ आली तसे सल्ले वाढले. आगवाल्यांचा एक पक्का समज असतो: अंगातून जे काही जायचं ते घामावाटेच जातं. भीती, ताप, दारू, दुःख, सगळं. मग चरबी का नाही? चाचणीच्या आदल्या दिवशी दादाने पाणी बंद केलं. पाण्याचं वजन असतं, हे त्याला पंपावर काम करून चांगलं ठाऊक. आणि सकाळी पूर्ण सूट चढवला, आगीत जायचा तो जाड सूट, हेल्मेट, हातमोजे, सगळं, आणि टॉवरच्या पायऱ्या चढायला-उतरायला लागला. घामाने बुटात पचपच आवाज होत होता. खालच्या पायरीवर शिडी चहा पीत बसला होता, हातात दादाच्या वाट्याचा लोणी लावलेला पाव. "शाबास दादा!" तो ओरडत होता. "वितळतंय! मला दिसतंय!"

*

चाचणीवाली आली. लहानखुरी मुलगी, केस घट्ट बांधलेले, हातात पेटी. पेटीतून तिने टेप काढली, वजनकाट्यासारखं दिसणारं यंत्र काढलं, आणि एक मोठा चिमटा. त्याबरोबर तिला नाव पडलं. चिमटेवाली. इतक्या लवकर आमच्याकडे कुणालाच नाव पडलेलं नाही.

टेबल आवारात, माझ्या काचेसमोरच मांडलं होतं. आवाज आत येत नाही. त्यामुळे सुरुवातीचं मी नुसतं पाहिलं आणि बोलणं मनाने भरलं.

चिमटेवाली दादाच्या कमरेला टेप लावते. (दादा: पुरणार नाही हो. टेप पुरते. दादाचा चेहरा उजळतो.)

चिमटेवाली दादाच्या दंडामागची कातडी चिमट्यात धरते. (दादा: आई गं. चिमटेवाली: अजून दाबलेला नाही.)

दादा हातातलं जॅकेट टेबलावर टाकतो, पट्टा त्यावर टाकतो.

आणि इथे माझ्या कानात खर्र झालं. दादाचा रेडिओ टेबलावर होता, त्याच्यावर जॅकेट पडलं, जॅकेटवर पट्ट्याचं बक्कल, आणि बोलायचं बटण दाबलं गेलं. आवार माझ्या कानात शिरलं. मी इतर सगळ्यांना दुसऱ्या चॅनेलवर घेतलं. दादाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बहीण आहे मी.

"अनवाणी उभे राहा यावर. हातात या दोन मुठी धरा. हलू नका."

"शॉक बसेल का?"

"कळणारही नाही."

शांतता. मग यंत्राची बारीक टिंग. मग चिमटेवालीचं "हं".

ते "हं" मला आवडलं नाही.

"किती?" दादाने विचारलं.

तिने सांगितलं. मर्यादेच्या पार पलीकडे. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती, आणि तेवढी मोठी पाठ अचानक लहान दिसायला लागली.

"गंमतच आहे," चिमटेवाली म्हणाली. "चिमटा एक सांगतोय, यंत्र भलतंच. ओठ का एवढे सुकलेत तुमचे? पाणी कधी प्यायलात?"

"काल."

"काल कधी?"

"काल... म्हणजे परवा रात्री. पण सकाळी घाम भरपूर गाळलाय! सूट घालून!"

"का?"

"चरबी जावी म्हणून."

"अहो, गेलं ते पाणी. या यंत्राला चरबी दिसत नाही. ते अंगातून एवढीशी वीज सोडतं. पाण्यातून वीज सरसर जाते, चरबीत अडखळते. स्नायूत पाणी असतं, तेच तुम्ही काढून टाकलंत. आता वीज जिथे तिथे अडखळतेय आणि यंत्र म्हणतंय, चरबी, चरबी."

"म्हणजे मी घाम गाळून जाड झालो?"

"झाला नाहीत. दिसताय."

"ते तर मी आधीपासून दिसतो," दादा म्हणाला.

"आग विझवणारी माणसं तुम्ही," चिमटेवाली म्हणाली, "आणि पाण्याची किंमत मी सांगायची! जा. सावलीत बसा. थोडं थोडं पाणी प्या, एकदम ढोसू नका. जेवणानंतर पुन्हा घेते."

मी खुर्चीवरून उठले, बसले, पुन्हा उठले. आवारात कुणीतरी दादाच्या हातात बाटली दिली. कुणीतरी म्हणालं, "पंप सुरू करू का?" आणि सगळे हसले. दादाही हसला.

"तोवर पुढचे कोण?"

"हा काय, जावईबापू. याला काय मोजायचंय? याला वाऱ्यात धरून ठेवायला माणूस लागतो."

"शर्ट काढा."

शर्ट निघाला.

माझ्या कानात एवढी शांतता झाली की रेडिओ बिघडला असं मला वाटलं. घरी मी त्याला रोज बघते; पण घरात माणूस असा उन्हात, लोकांमध्ये, चिमट्यासमोर उभा नसतो. हात काठ्यांसारखे, पाय काठ्यांसारखे, आणि मधोमध, काठीला शिदोरीचं गाठोडं बांधावं तसं, एक गोल गुळगुळीत पोट.

"जावईबापू," दादाचा आवाज. "हे कुणाचं?"

"तुमचंच," आचारी मागून म्हणाला. "मी वाढलेलं ओळखतो."

चिमटेवालीने पोटावर चिमटा लावला. पुन्हा लावला. जागा बदलून लावला. यंत्रावर उभं केलं. टिंग. हं.

"पाणी प्यायलात ना?"

"प्यायलो. चहाही."

"मग आकडा बरोबर आहे. तुम्ही मर्यादेच्या बाहेर आहात."

"मी?" शिडी म्हणाला. "पण मी तर बारीक आहे!"

"बारीक आहात. त्या बारकेपणात स्नायू कमी आणि चरबी जास्त. हे नुसतं या महिन्या-दोन महिन्यांचं नाही. धाप लागते का?"

शिडीने उत्तर दिलं नाही. दादाने दिलं. "नाही लागत," तो घाईघाईने म्हणाला. "धाप मला लागते. याला नाही."

तेवढ्यात कुणीतरी पट्टा उचलला आणि माझ्या कानातलं आवार बंद झालं.

*

जेवणानंतर दादाचं माप पुन्हा झालं. हे मला कुणी सांगावं लागलं नाही. त्याने काचेकडे वळून दोन्ही हात वर केले आणि नाचला. गादी नाचताना कधी पाहिली नसेल तर सांगते, जमीन आधी कळवते. तो मर्यादेच्या काठावर होता, पण काठाच्या आत. त्या सगळ्या आकाराखाली स्नायूच भरलेले होते.

आता उरलं शेवटचं: टॉवर. शिडीला अजून एक आशा होती. मॅडम म्हणाल्या होत्या, माप मर्यादेबाहेर गेलं पण टॉवर उत्तम झाला तर मी विचार करीन. जोडी म्हणून दोघांनी एकत्र करायचं. चिमटेवालीने दोघांना सारखीच, अर्धी भरलेली सिलिंडरं दिली. कोण किती हवा ओढतो ते कळावं म्हणून. सूट, मास्क, खांद्यावर पाइपची गुंडाळी. वर जा, खाली या, पुन्हा वर, पुन्हा खाली, मग पाहुण्याला ओढत आवार ओलांडा.

पाहुणा म्हणजे माणसाच्या वजनाचं एक पोतं. हातपाय शिवलेलं. आला की हलत नाही, म्हणून पाहुणा.

मी काचेला नाक लावून उभी. पहिल्या चढाईला दोघं बरोबर. दुसऱ्या चढाईला दादा जिन्याच्या वळणावर थांबला, बुटाशी काहीतरी करत राहिला, शिडी येईपर्यंत. दादाच्या बुटाला बंद नसतात, सगळ्यांच्याच नसतात. मला तेव्हाही कळलं नाही. खाली आले. पाहुण्याच्या काखेत दोघांनी हात घातले. चार पावलं ओढला असेल नसेल, आणि शिटी.

काच जाड आहे. तरी ती शिटी आत आली.

आवारातल्या सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. आणि दादाने, अगदी सवयीने, काही विचार न करता, हात वर केला. "माझी, माझी," असं करत छातीवर थापट्या मारल्या.

चिमटेवाली दादाजवळ गेली. त्याच्या छातीशी कान नेला. उभी राहिली. गोंधळली. मग दोन पावलं पलीकडे गेली आणि माझ्या नवऱ्याच्या छातीशी वाकली. हात लावला. हात लावून मॅडमकडे बघितलं.

दादाचा हात अजून वरच होता.

म्हणजे इतकी वर्षं मी ज्या शिटीसाठी दादाला झापत आले, ती शिटी खरं तर—

आगीची लाइन, बोला. बोट कशात अडकलंय? नळाच्या तोंडात? आत घातलंच कशाला? बरं, असू दे. ओढू नका. साबण लावा, गार पाणी सोडा, आणि बोट फिरवत फिरवत... निघालं? निघालं म्हणता? नाही नाही, मी रडत नाहीये. बोट जपा. ठेवते.

*

दादा आत आला तेव्हा हातात पाण्याची बाटली होती.

"प्यायचं थांबवलं नाहीये," तो म्हणाला. "चिमटेवालीने बजावलंय."

"कधीपासून?"

"जेवणाआधीपासून."

"दादा, पाण्याचं विचारत नाहीये."

तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. खुर्ची कुरकुरली.

"पहिल्यांदा वाजली तेव्हा तो नवा होता," दादा म्हणाला. "घाबरलेला माणूस हवा जास्त ओढतो. बाहेर आल्यावर पोरांनी त्याची चेष्टा केली असती. नवा जावई, वर बायको कंट्रोल रूममध्ये ऐकतेय. मी म्हटलं, माझी वाजली. सगळ्यांना पटलं. माझ्याकडे बघून कुणालाही पटतं. मग दुसऱ्यांदा वाजली. मग सवय झाली."

"आणि सिलिंडरं?"

"ती भरायला मीच नेतो ना दोन्ही. कुणाची किती उरली, कोण बघतंय?"

"आणि मी तुला एवढं बोलत होते, ते?"

"ते पोटात घातलं," दादा म्हणाला. "जागा होती."

मला हसू आलं, आणि हसताना राग आला, आणि रागावताना लक्षात आलं की आईने डोक्याला हात लावला ते बरोबरच होतं, फक्त कारण दुसरं हवं होतं. "दादा, तू त्याला सांभाळून घेत होतास की बुडवत होतास? एखाद्या दिवशी दोघं खूप आत असताना त्याची लवकर वाजली असती तर?"

दादा बाटलीचं झाकण लावत बसला. लावलं, काढलं, लावलं. "हो," तो म्हणाला. "ते आज तो हात वर केला ना, तेव्हा डोक्यात आलं. हात खाली घेताच येईना."

*

घरी.

"तुला माहीत होतं?"

"माझ्याच छातीवर वाजते. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"आणि बूट पुसत उभा राहायचास."

"दुसरं काय पुसणार होतो?"

"मी त्याला बोलायचे तेव्हा तुला काही वाटायचं नाही?"

"वाटायचं."

"काय?"

"की आज तरी सांगू. मग तू म्हणायचीस, 'त्या बिचाऱ्याची हवा शिल्लक असते.' बिचारा व्हायला बरं वाटायचं गं."

मी उशी फेकून मारली. लागली पोटावर. आवाज चांगला भरीव आला.

"बघ," मी म्हटलं. "इथेही वाजते."

तो हसला. मग उशी जागेवर ठेवत म्हणाला, "उद्या मी स्वतःच मॅडमना सांगतो. त्यांनी बसवायच्या आधी."

*

मॅडमनी दादाला झाडून काढलं, तेही सगळ्यांसमोर नाही, आपल्या खोलीत. पण त्यांचा आवाज असा आहे की खोलीचा उपयोग होत नाही. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "जोडी मी मोडत नाही, थांबवतेय. तोपर्यंत गादीबरोबर आत मी जाईन. मीही चिमटा खाऊन पास झालेय."

आणि शिडी माझ्या शेजारच्या खुर्चीत आला.

नवरा-बायको घरी एकत्र राहतात ते ठीक. पण एकाच खोलीत, एकाच फोनवर? पहिल्याच दिवशी त्याने एका बाईंना इतका वेळ पत्ता विचारला की त्या म्हणाल्या, जाऊ दे, विझली. पण तो शिकला. आणि रेडिओ कानाला लावल्यावर पहिल्यांदा जेव्हा आतून दादाचा आणि मॅडमचा श्वास ऐकू आला, तेव्हा त्याने माझा हात धरला. गाडी परत आवारात शिरेपर्यंत धरून ठेवला.

"तू हे रोज ऐकतेस?" त्याने विचारलं.

"रोज."

"जेवण जातं तुला?"

"जातं. सवयीने."

त्या दिवशी त्याने ताटातला केक सरकवून दिला. दादाने नको म्हटलं, मॅडमनी नको म्हटलं, शेवटी आचाऱ्याने स्वतः खाल्ला आणि पहिल्यांदाच आपल्या हातचं चाखून म्हणाला, "एवढं गोड करतो मी?"

मग टॉवर. रोज. पाठीवर सिलिंडर नाही, तर वाळूचं पोतं, मागून दादा. काचेतून मला दिसायचं, ऐकू यायचं नाही. पण दादाच्या तोंडाच्या हालचालींवरून बरंचसं कळायचं, आणि त्यातलं थोडंच सांगण्यासारखं आहे. वजनं, दोरीवर लोंबकळणं, पाहुण्याला पाठीवर घेऊन आवारात फेऱ्या. शिडीच्या शर्टाची दंडावरची शिवण उसवली तेव्हा स्टेशनभर बातमी झाली. वहिनीने आगीच्या लाइनवर फोन करून विचारलं, "खरं का गं?"

पुन्हा चाचणी झाली. चिमटेवालीने चिमटा लावला, यंत्रावर उभं केलं, टिंग झालं, आणि ती "हं" म्हणाली. हे "हं" वेगळं होतं. वजन वाढलं होतं, चरबी मर्यादेत आली होती. टॉवरला दोघांची शिटी वाजलीच नाही, पाहुणा आवारापलीकडे पोचला.

*

लाकडी सामानाच्या गोदामात धूर, असा फोन आला तो मीच घेतला. शेजारची खुर्ची रिकामी होती. पत्ता सांगितला, गाडी निघाली, मी रेडिओ कानावर दाबला.

"आत कोण?" मॅडमचा आवाज.

"आम्ही दोघं," दादा म्हणाला.

श्वास. एक जड, एक लांब. लाकूड तडकल्याचा आवाज. काहीतरी कोसळलं, पाण्याचा फवारा त्यावर सणाणत गेला. कुणीतरी "डावीकडे" म्हणालं. मी दोन्ही हात टेबलावर पसरले, कारण ते कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

मग शिडीचा आवाज आला. रेडिओवर तो आधी कधी फारसा बोलत नसे, ते काम दादा करायचा.

"कंट्रोल. माझी हवा अर्ध्यावर आली. मूळ आग विझली आहे. आम्ही दोघं परत फिरतोय."

"समजलं," मी म्हटलं. आवाज सरकारी निघाला, ठरवल्यासारखा.

"कंट्रोल," मागून दादा. "माझी अर्ध्याच्या वर आहे. हे नीट ऐकून घे. जाड माणसाची अर्ध्याच्या वर."

"ऐकलं."

"आता कुणाला बोलायचं ते बोल."

"दादा," शिडी धापा न टाकता म्हणाला, "बोलण्यात हवा जाते. गप चाल."